शिरेतून रक्ताचा नमुना सुरक्षितपणे कसा घ्यावा

शिरेतून रक्ताचा नमुना घेण्याचे प्रत्यक्ष काम दोन-चार मिनिटांत आटोपते आणि त्यातही सुई त्वचेत शिरण्याचा क्षण तर डोळ्याचे पाते लवण्याइतका छोटा असतो. शिकणाऱ्याचे सारे लक्ष मात्र त्याच क्षणावर खिळलेले असते: शीर सापडेल का, हात थरथरेल का, रुग्ण कळवळेल का. अनुभव वेगळेच सांगतो. गंभीर चुका बहुधा सुई टोचण्यापूर्वी तरी होतात किंवा ती बाहेर आल्यानंतर तरी. भलत्याच रुग्णाचे रक्त घेतले जाणे, नळीवर दुसऱ्याचे नाव लागणे, वापरलेली सुई स्वतःच्याच बोटात रुतणे, यांपैकी कशाचाही शीर सापडण्याशी संबंध नसतो. हाताची सफाई सरावाने आपोआप येते. कामाचा क्रम मात्र ठरवून पाळावा लागतो, आणि पुढील विवेचनात भर आहे तो त्या क्रमावर.

हे मार्गदर्शन परिचर्या किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी आणि या कामावर नव्याने रुजू झालेल्यांसाठी आहे. नुसते वाचून हे काम येत नाही. आधी कृत्रिम हातावर सराव करावा, त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्णाचे रक्त घ्यावे, आणि आपल्या संस्थेच्या लेखी कार्यपद्धतीत काही वेगळे सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे.

रुग्णाकडे जाण्यापूर्वी

सर्वप्रथम मागणीपत्र शांतपणे वाचावे. कोणत्या तपासण्या सांगितल्या आहेत, त्यांना कोणत्या नळ्या लागतील (प्रयोगशाळेच्या बोलीत यांनाच बल्ब म्हणतात), नमुना उपाशीपोटी हवा आहे का, औषधाच्या मात्रेआधी हवा की नंतर, या प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधून झाल्यावर शोधण्याची वेळ येऊ नये. सुई बाहेर काढल्यावर एक नळी राहून गेल्याचे लक्षात आले, तर त्याची किंमत दुसऱ्या टोचणीच्या रूपाने रुग्णच मोजतो.

मग साहित्य एका स्वच्छ ट्रेमध्ये मांडावे: हात स्वच्छ करण्याचा अल्कोहोलयुक्त द्रव, आपल्या मापाचे हातमोजे, टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा), ७० टक्के अल्कोहोलचे स्वॅब, सुई आणि होल्डर (सुई व नळी जोडणारी मूठ) किंवा सिरिंज, लागणाऱ्या नळ्या व एखादी जास्तीची नळी, कोरडा गॉज, चिकटपट्टी आणि पेन. नळ्यांवरची मुदत पाहून घ्यावी, कारण जुन्या नळीतील निर्वात कमी झालेला असतो आणि मग ती अर्धवटच भरते. सुईच्या गेजचा (जाडीच्या मापाचा) आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटे गणित लक्षात ठेवावे. प्रौढ व्यक्तीच्या सर्वसाधारण शिरेसाठी २१ गेजची सुई योग्य असते, बारीक किंवा नाजूक शिरांसाठी २२ वा २३ गेज वापरता येते. त्याहून बारीक सुईने रुग्णाला कमी दुखेल असे वाटते खरे, पण अरुंद सुईतून जोराने ओढल्या गेलेल्या लाल पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो.

निर्वात नळीची पद्धत, म्हणजे ज्याला सगळे जण व्हॅक्युटेनर म्हणतात ती, आणि साधी सिरिंज यांपैकी निवड करता येत असेल तर पहिली निवडावी. तिच्यात रक्त शिरेतून थेट बंद नळीत जाते. सिरिंजमधले रक्त पुन्हा नळीत भरावे लागते, आणि रक्ताने माखलेली सुई हातात असताना करावी लागणारी प्रत्येक जादा हालचाल ही अपघाताची एक जादा संधी असते.

वापरलेल्या सुया टाकण्याचा जाड, न भोसकला जाणारा डबा आपल्या हाताशी, सुई धरणाऱ्या हाताच्या बाजूला ठेवावा. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर उघडी सुई घेऊन चालावे लागते किंवा ती क्षणभर ट्रेमध्ये ठेवण्याचा मोह होतो, आणि तो क्षण पुरेसा असतो. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करून बदलावा. या कामाला लागण्यापूर्वीच हेपॅटायटिस बी प्रतिबंधक लसीच्या मात्रा पूर्ण झालेल्या असाव्यात, हेही पूर्वतयारीतच धरावे.

रुग्णाची ओळख आणि दोन शब्द

रुग्णाला त्याचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून सांगायला लावावी. "तुमचे नाव अमुक अमुक ना?" असा प्रश्न कधीही विचारू नये. गुंगीत असलेला, कमी ऐकू येणारा, घाबरलेला किंवा केवळ भिडस्त माणूस अशा प्रश्नाला "हो" म्हणून मोकळा होतो. सांगितलेली माहिती मागणीपत्राशी आणि मनगटावर ओळखपट्टी असल्यास तिच्याशी अक्षरशः ताडून पाहावी. खाटेचा क्रमांक किंवा दारावरची पाटी ही ओळख नव्हे, कारण रुग्णांच्या खाटा बदलतात. रुग्ण बोलू शकत नसेल तर ओळखपट्टी आणि सोबतची नातेवाईक किंवा परिचारिका यांच्याकडून खात्री करावी. कुठेही तफावत आढळली, मग ती नावातल्या एका अक्षराची का असेना, तर ती सुटेपर्यंत रक्त घेऊ नये.

इतका आग्रह कशासाठी, हे रक्तगट आणि रक्तजुळणीच्या नमुन्यावरून कळते. साखरेचा किंवा हिमोग्लोबिनचा अहवाल चुकीच्या माणसाच्या नावावर गेला, तर डॉक्टरांना तो विसंगत वाटून चूक सापडण्याची थोडी तरी शक्यता असते. रक्तगटाची नळी चुकली तर अहवाल अगदी नीटनेटका दिसतो, आणि चूक उघडकीस येते ती न जुळणारे रक्त शरीरात गेल्यावर. म्हणूनच अनेक रक्तपेढ्या नव्या रुग्णाच्या बाबतीत वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना मागतात.

ओळख पटल्यावर आपण काय करणार आहोत ते साध्या शब्दांत सांगून रुग्णाची संमती घ्यावी. त्याच ओघात काही गोष्टी विचाराव्यात: पूर्वी रक्त देताना भोवळ आली होती का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, लेटेक्स किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी आहे का, एखाद्या बाजूच्या स्तनाची किंवा काखेतील गाठींची शस्त्रक्रिया झाली आहे का, डायलिसिससाठी हातात फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेली धमनी व शिरेची जोडणी) केलेला आहे का. आधी कोणत्या हातातून रक्त नीट मिळाले होते, हेही विचारावे. वारंवार तपासणी करून घेणाऱ्या रुग्णाला स्वतःच्या शिरा आपल्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात आणि त्याचे न ऐकणारा तंत्रज्ञ बहुधा तोंडघशी पडतो. "काहीच दुखणार नाही" असे मात्र सांगू नये. थोडे टोचल्यासारखे वाटेल, एवढे खरे सांगावे.

रुग्णाला हात असलेल्या खुर्चीत बसवावे किंवा झोपवावे. उभ्याने अथवा पाठ न टेकता येणाऱ्या स्टुलावर बसवून रक्त घेऊ नये. भोवळ येण्याचा पूर्वानुभव सांगणाऱ्याला आधीपासूनच आडवे करावे. तोंडात गोळी किंवा च्युइंगगम असेल तर काढायला सांगावे.

शीर निवडणे

कोपराच्या आतल्या खळग्यातील शिरा ही पहिली पसंती असते. तेथे साधारणपणे तीन शिरा हाताला लागतात. मधोमध असलेली मीडियन क्युबिटल शीर सर्वांत सोयीची, कारण ती ठसठशीत असते, फारशी सरकत नाही आणि तिच्या आसपास दुखावण्याजोगे कमी असते. ती न मिळाल्यास अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक शीर पाहावी. करंगळीच्या बाजूची बॅसिलिक शीर अनेकदा चांगली टपोरी दिसते आणि नवख्याला हटकून मोहात पाडते. परंतु दंडाची मुख्य धमनी आणि मीडियन मज्जातंतू तिच्या जवळून जातात, शिवाय ती बोटाखालून निसटते. म्हणून तिचा विचार शेवटी आणि दुसऱ्या हाताचीही पाहणी करून झाल्यावरच करावा.

शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने शोधायची असते. निळी दिसणारी शीर पुष्कळदा वरवरची आणि बारीक निघते, तर जिच्यातून रक्त भरभरून मिळते ती दिसतही नाही, फक्त लागते. तर्जनीच्या टोकाने दाबून सोडले असता शीर स्पंजासारखी दबते आणि परत वर येते. धमनीत ठोका जाणवतो; स्नायुबंध दोरीसारखा ताठ लागतो आणि दाबला जात नाही; रक्त गोठून निकामी झालेली शीरही अशीच टणक लागते. शीर कोणत्या दिशेने जाते आहे आणि किती खोल आहे, याचा अंदाज याच वेळी घ्यावा, कारण पुढे सुईची दिशा आणि कोन त्यावरच ठरतो.

शीर लागत नसेल तर हात हृदयाच्या पातळीखाली लोंबता ठेवावा, किंवा कोमट, सोसवेल इतक्याच उष्णतेचे कापड तीन ते पाच मिनिटे ठेवावे. शिरेवर चापट्या मारण्याची सवय काही जणांना असते. तिने रुग्णाला वेदना होतात आणि नमुन्यातील पेशींनाही इजा पोहोचू शकते. मूठ हलकेच मिटायला सांगावी, पण ती भराभर उघडझाप करायला सांगू नये, कारण त्याने रक्तातील पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते.

काही जागा वर्ज्यच समजाव्यात: फिस्टुला असलेला हात, काखेतील गाठी काढलेली बाजू, भाजलेली, सुजलेली, संसर्ग झालेली किंवा आधीच काळीनिळी पडलेली जागा. सलाइन चालू असलेला हात सोडून दुसरा हात घ्यावा. सलाइनच्या वरच्या बाजूने घेतलेल्या नमुन्यात रुग्णाच्या रक्तापेक्षा बाटलीतील द्रवाचीच तपासणी होते, आणि सलाइनमध्ये साखर असेल तर नसलेला मधुमेह अहवालात उगवतो. दुसरा हात उपलब्धच नसेल, तर डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या संमतीने सलाइन किमान दोन मिनिटे थांबवून, तिच्या खालच्या बाजूने नमुना घ्यावा आणि तशी नोंद करावी. पायाच्या शिरेतून, विशेषतः मधुमेही रुग्णात, डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीवाचून रक्त घेऊ नये.

टूर्निकेट आणि त्वचेची स्वच्छता

टूर्निकेट टोचण्याच्या जागेच्या चार-पाच बोटे वर, एका हाताने ओढताच सुटेल अशा रीतीने बांधावे. त्याखाली मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. ती लागेनाशी झाली तर पट्टा फार घट्ट झाला असे समजावे. तो एक मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधलेला राहू नये. जास्त वेळ रक्त अडून राहिले की शिरेतील पाणी बाहेर झिरपते आणि मागे उरलेल्या रक्तात प्रथिने, कॅल्शियम व पेशींचे प्रमाण वाढलेले भासते. शीर शोधण्यातच मिनिट गेले असेल, तर पट्टा सोडून दोन मिनिटे थांबावे, दरम्यान त्वचा स्वच्छ करून घ्यावी आणि मग पट्टा पुन्हा बांधावा. घाईच्या वेळी हे दोन मिनिटांचे थांबणे जिवावर येते, पण ते चुकवू नये.

हात स्वच्छ करून हातमोजे घालावेत. ते प्रत्येक रुग्णासाठी नवे असावेत. ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने टोचण्याची जागा सुमारे ३० सेकंद घासून स्वच्छ करावी आणि नंतर सुमारे ३० सेकंद आपोआप वाळू द्यावी. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने रक्त घेण्याविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हीच वेळ सांगितली आहे. अल्कोहोल जंतूंना मारते ते संपर्कात राहून आणि वाळताना, त्यामुळे फुंकर घालणे किंवा कोरड्या कापसाने पुसणे म्हणजे केलेले काम पुसून टाकणेच होय. शिवाय ओल्या त्वचेतून सुई गेली तर अधिक झोंबते आणि अल्कोहोल नमुन्यात मिसळून लाल पेशी फुटतात. स्वच्छ केलेल्या जागेला पुन्हा बोट लावू नये. "एकदा शेवटचे चाचपून पाहतो" हा मोह सर्वांनाच होतो. त्यासाठी आधीच जवळच्या तिळाची किंवा सुरकुतीची खूण मनात धरून ठेवावी. चाचपलेच, तर स्वच्छता पहिल्यापासून करावी.

रक्तसंवर्धनासाठी म्हणजे ब्लड कल्चरसाठी नमुना घ्यायचा असेल, तर एवढ्याने भागत नाही. तेथे त्वचेवरचा एखादा निरुपद्रवी जंतूही बाटलीत गेला तर रुग्णाला विनाकारण प्रतिजैविके मिळतात. म्हणून अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करावी, आणि बाटलीच्या रबरी बुचाचा वरचा भागही अल्कोहोलने पुसून वाळू द्यावा.

सुई टोचणे

मोकळ्या हाताच्या अंगठ्याने टोचण्याच्या जागेच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली त्वचा ताणून धरावी, म्हणजे शीर जागची हलत नाही. अंगठा खाली आणि तर्जनी वर ठेवून दोन्हीकडून त्वचा ताणण्याची पद्धत सोयीची वाटली तरी टाळावी. रुग्णाने हात झटकला तर सुई थेट आपल्या तर्जनीत जाते. सुईचे तिरके तोंड वर ठेवून, शिरेच्या दिशेने, ३० अंशांपेक्षा जास्त कोन न करता, एकाच सलग आणि निश्चयी हालचालीत सुई आत न्यावी. हळूहळू रेटलेली सुई जास्त दुखते आणि शीरही बाजूला ढकलते. शिरेत शिरल्यावर अवरोध एकदम कमी झाल्याचे बोटांना जाणवते. तेथे थांबावे, होल्डर धरलेला हात रुग्णाच्या हातावर टेकवून स्थिर करावा आणि दुसऱ्या हाताने पहिली नळी आत ढकलावी.

रक्त नळीत येऊ लागले की टूर्निकेट सोडावे. फार नाजूक शिरेत ते शेवटच्या नळीपर्यंत ठेवावे लागते, पण सुई बाहेर काढण्यापूर्वी ते सुटलेलेच असले पाहिजे. बांधलेल्या हातातून सुई काढली की रक्त उसळून बाहेर येते किंवा त्वचेखाली साकळते. सिरिंज वापरत असल्यास दट्ट्या संथपणे ओढावा. जोराने ओढल्यास शीर आक्रसून सुईच्या तोंडावर चिकटते आणि पेशीही फुटतात.

नळ्यांचा क्रम

एकाच टोचणीत अनेक नळ्या भरताना पुढील क्रम पाळावा (सायट्रेट, हेपारिन व ईडीटीए ही रक्त गोठू न देणारी रसायने आहेत): प्रथम रक्तसंवर्धनाच्या बाटल्या, मग रक्त गोठण्याच्या तपासणीची फिकट निळ्या बुचाची सायट्रेट नळी, त्यानंतर सीरमसाठी (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लाल किंवा पिवळी, मग हेपारिनची हिरवी, त्यापुढे ईडीटीएची जांभळी आणि शेवटी साखरेसाठी फ्लोराईडची करडी. उत्पादकानुसार रंगछटा बदलू शकतात, म्हणून बुचाच्या रंगाबरोबर लेबलही वाचावे.

हा क्रम पाठ करण्यापेक्षा समजून घेतला तर विसरत नाही. आधीच्या नळीतील रसायनाचा अंश सुईबरोबर पुढच्या नळीत जाऊ शकतो. जांभळ्या नळीतील ईडीटीए हे पोटॅशियमचे क्षार असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. त्याचा थोडासा अंश सीरमच्या नळीत गेला की पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते, आणि ठणठणीत माणसाच्या हृदयाची काळजी सुरू होते.

या निमित्ताने थोडे विषयाच्या कडेला जाऊन सांगावेसे वाटते. पोटॅशियमचा आकडा हा रक्त घेणाऱ्याच्या कामाचा मूक परीक्षक आहे. लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या द्रवाच्या वीसपटींहून अधिक असते. त्यामुळे मूठ उघडझाप करायला लावली, पेशी फोडल्या, नळ्यांचा क्रम चुकवला किंवा सीरम वेगळे न करता नमुना फ्रिजमध्ये ठेवला, यांपैकी काहीही केले तरी पोटॅशियम वर जाते. एखाद्या विभागातून वाढलेल्या पोटॅशियमचे अहवाल वारंवार येत असतील, तर रुग्णांइतकेच तेथील रक्त घेण्याच्या पद्धतीकडेही पाहावे.

सायट्रेटच्या नळीत रक्त आणि द्रव यांचे प्रमाण नवास एक असे ठरलेले असते, म्हणून ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. बटरफ्लाय सुई (पंखांची, लवचिक नळी जोडलेली सुई) वापरून ही नळी सर्वांत आधी भरायची असेल, तर सुईच्या लवचिक नळीतील हवेमुळे ती अपुरी भरते. तेव्हा आधी एक टाकाऊ नळी लावून ती हवा काढून टाकावी. भरलेली प्रत्येक नळी लगेच हळुवारपणे उलटीसुलटी करावी, सायट्रेटची तीन-चार वेळा, हेपारिन व ईडीटीएची आठ ते दहा वेळा. नळी खळखळून हलवू नये.

सिरिंजमधील रक्त नळीत भरण्यासाठी सुरक्षित ट्रान्सफर साधन वापरावे. ते नसल्यास नळी हातात न धरता रॅकमध्ये उभी ठेवावी, एकाच हाताने सुई बुचातून घालावी आणि निर्वाताने जेवढे ओढले जाईल तेवढे रक्त जाऊ द्यावे. दट्ट्या दाबून रक्त ढकलू नये.

सुई बाहेर काढताना आणि त्यानंतर

क्रम असा: टूर्निकेट सोडलेले आहे याची खात्री, मग होल्डरमधून शेवटची नळी बाहेर, मग जागेवर कोरडा गॉज हलकेच टेकवून सुई सरळ बाहेर, आणि सुई पूर्ण निघाल्यावरच दाब. सुई आत असताना दाबले तर तिची धार शिरेला कापते. सुईचे सुरक्षा आवरण असल्यास लगेच बंद करावे आणि सुई होल्डरसकट त्याच क्षणी डब्यात टाकावी. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये, ती वाकवू नये, हाताने सुटी करू नये आणि दुसऱ्याच्या हातात देऊ नये. एवढ्या चार गोष्टी न केल्याने जितके अपघात टळतात तितके बहुधा महागड्या साधनांनीही टळत नसतील.

रुग्णाला हात सरळ ठेवून गॉज दोन-तीन मिनिटे दाबून धरायला सांगावे. कोपर मुडपून ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते, परंतु मुडपलेल्या कोपरात दाब नेमक्या जागी पडत नाही आणि हात सरळ करताच रक्त पुन्हा वाहू लागते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना जास्त वेळ दाबावे लागते; रक्त थांबल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय पट्टी लावू नये.

नळ्यांवर नाव, ओळख क्रमांक, तारीख, वेळ आणि आपली सही रुग्णाजवळ असतानाच घालावी. आधीच लेबल लावून ठेवलेल्या रिकाम्या नळ्या दुसऱ्याच रुग्णाच्या रक्ताने भरल्या जाऊ शकतात, आणि नंतर टेबलावर बसून लेबल लावू म्हटले की सारख्या दिसणाऱ्या दोन नळ्यांत फरक करण्याचा काही मार्ग उरत नाही. त्यानंतर हातमोजे काढून हात स्वच्छ करावेत.

नमुना लवकर पोहोचवावा. सीरम साधारण दोन तासांच्या आत पेशींपासून वेगळे व्हायला हवे. अमोनियासाठीचा नमुना बर्फाच्या पाण्यात ठेवून तातडीने न्यावा लागतो, बिलिरुबिनचा उजेडापासून जपावा लागतो.

लहान मुले

लहान मुलांच्या बाबतीत किती रक्त घ्यायचे हा प्रश्न किती नळ्या भरायच्या यापेक्षा आधी येतो. तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या शरीरात एकूण रक्त सुमारे २४० मिलिलिटर असते, म्हणजे मोठ्यांसाठीच्या दोन-तीन नळ्यादेखील त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. नवजात बाळाला पुष्कळदा टाचेला टोचून नमुना घेतात. तेव्हा तळव्याच्या बाजूने टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचावे, टाचेच्या मागच्या गोलाईवर नव्हे, कारण तेथे हाड जवळ असते. मुलाला धरण्यासाठी एक जाणता मदतनीस असावाच.

काही बिघडले तर

रक्त आले नाही तर सुई किंचित पुढे किंवा किंचित मागे घेऊन पाहावी. नळीतील निर्वात गेला असेल अशी शंका आल्यास दुसरी नळी लावावी. सुई आतल्या आत डावीउजवीकडे फिरवून शीर शोधू नये. दोन प्रयत्नांत जमले नाही, तर काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावे. यात कमीपणा काही नाही. तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहतो तो बहुधा आपला अहंकार असतो, आणि टोचले जाते ते रुग्णाला.

टोचलेल्या जागेभोवती फुगवटा येऊ लागला तर रक्त त्वचेखाली साकळत आहे असे समजून टूर्निकेट सोडावे, सुई काढावी आणि घट्ट दाब द्यावा. हातातून बोटांपर्यंत विजेचा झटका गेल्यासारखी कळ आली किंवा मुंग्या आल्या, तर मज्जातंतूला सुई लागली असण्याची शक्यता असते; नमुना अर्धवट राहिला तरी सुई तत्काळ बाहेर काढावी, डॉक्टरांना कळवावे आणि नोंद करावी. रक्त लालभडक असेल व ठोक्याठोक्याने उसळत असेल, तर सुई धमनीत गेली आहे. सुई काढून किमान पाच मिनिटे, गरज पडल्यास अधिक वेळ, स्वतः दाबून धरावे. हा दाब रुग्णावर सोपवू नये.

रुग्ण फिकट पडला, त्याला घाम फुटला, जांभया येऊ लागल्या किंवा तो एकाएकी गप्प झाला, तर भोवळ येण्याची ही लक्षणे आहेत. आधी टूर्निकेट आणि सुई काढावी, मग त्याला सावरून आडवे करून पाय उंच करावेत. शुद्ध लगेच आली नाही तर मदत बोलवावी. शुद्धीवर आल्यावर त्याला घाईने उठवू नये, आणि एकटे सोडू तर अजिबात नये.

स्वतःला सुई लागली तर

हातातले काम सुरक्षितपणे थांबवून ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. जखम पिळू नये, बोट तोंडात घालू नये, तिच्यावर ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशक ओतू नये. रक्त डोळ्यांत उडाले असल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. आणि लगेच वरिष्ठांना कळवावे. लाजेपोटी किंवा "काही होत नाही" म्हणून गप्प बसणे हीच येथे सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण पुढचे सगळे उपाय घड्याळाला बांधलेले आहेत.

बाधित रुग्णाला वापरलेल्या सुईतून एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे साधारण तीनशेत एक असते. प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, काही तासांतच, सुरू करावी लागतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होईल असे धरता येत नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. हेपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्याच्या बाबतीत याहून कितीतरी मोठा, ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अशा व्यक्तीला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) २४ तासांच्या आत मिळणे इष्ट असते. हेपॅटायटिस सीसाठी असे प्रतिबंधक औषध नाही, मात्र पाठपुराव्याच्या तपासण्यांत संसर्ग वेळीच आढळल्यास त्यावर परिणामकारक उपचार आहेत. म्हणून घटना कधी घडली, सुई पोकळ होती की भरीव, जखम किती खोल होती आणि सुई कोणत्या रुग्णाला वापरलेली होती, हे सर्व त्याच दिवशी लिहून ठेवावे, स्वतःच्या रक्ताची पहिली तपासणी लगेच करून घ्यावी आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा तेव्हाच नोंदवून घ्याव्यात.